कणकेच्या रंगाची भिंत

आश्विन लागला की माझं डोकं फिरतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. उन्हं चटका देऊ लागतात, भिंतींत मुरलेली पावसाळ्याची ओल बाहेर निघते, मातीला तो ओळखीचा वास सुटतो, बायका लुगड्याचे ओचे खोचून घराघरांच्या भिंतींना भिडतात आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागते. मुली एकमेकींना खुणावतात, "आईचा आश्विन आला गं." येऊ दे. मी काही देवाच्या घरून गोड स्वभाव मागून आणलेला नाही.

यंदा आमच्या ह्यांच्या मनात आलं की पुढची खोली रंगवायची. हे इथे नंदुरबारला शाळेत मास्तर आहेत, शहरातच वाढलेले, चार लोक घरी येतात, भिंतींचे पोपडे दिसतात, त्यांना लाज वाटते. लढाईमुळे रंगाच्या पुड्या मिळेनात, तर कुठून कुठून पिवडी पैदा केली आणि रंगाऱ्याला घेऊन आले. रंगाऱ्यानं बादलीत चुना कालवला, त्यात पिवडी टाकली, चिमूटभर गेरू टाकला, काठीनं ढवळलं आणि दाराशेजारी हातभर पट्टा मारून दाखवला. ओला होता तोवर काही नाही. घटकाभरात तो सुकला आणि हे चष्मा वर करून म्हणाले, "बघ, याला बदामी म्हणतात. किती शांत रंग आहे!"

शांत! मी त्या बादलीला अशी लाथ घातली की रंग पार उंबऱ्यापर्यंत गेला. रंगारी उडी मारून अंगणात पळाला. ह्यांच्या धोतरावर, चष्म्यावर शिंतोडे उडाले. बिचारे तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "नको होता तर सांगायचंस." आता काय सांगणार, कपाळ? लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या माहेरी भिंतीवरून काय झालं ते मी ह्यांना कधी सांगितलं नाही. बोलायला गेले की राग येतो, आणि राग आला की माझ्या हाताला लागेल ते मी फेकते. म्हणून लिहिते आहे. लिहिताना फेकायला हातात टाक तेवढा आहे.

माझं माहेर तापीच्या अलीकडच्या काठावर. कापसाचं गाव. काळी जमीन, उन्हाळ्यात भेगा अशा पडायच्या की वासराचा पाय अडकून मोडायचा. पावसाळा सरला की घराच्या मातीच्या भिंती सोललेल्या असायच्या, आणि दसरा-दिवाळीच्या आत त्यांना पोतेरा द्यायचा, म्हणजे पातळ मातीचा हात फिरवायचा. त्यासाठी पांढरी माती लागे आणि ती मिळे गावाबाहेरच्या नाल्याच्या दरडीत. माती आणायला जायचं म्हणजे मारामारीलाच जायचं. सगळ्यांना दरडीच्या पोटातली लोण्यासारखी माती हवी. जिनं आधी कुदळ मारली तिची ती जागा. मग एकीनं दुसरीचं टोपलं भिरकावून द्यायचं, दुसरीनं तिच्या झिंज्या धरायच्या. एकदा माझ्या डोळ्यांसमोर एकीच्या कानातलं दुसरीनं ओढलं आणि कानाची पाळी फाटून दोन झाल्या. रक्त पुसत ती बाई तशीच माती खणत राहिली. आत आत खणत गेल्यावर दरड कधीतरी बसायचीच. एका आश्विनात अशीच एक नवी सून दबली. तिला उकरून काढली तेव्हा तिच्या तोंडात, नाकात ती पांढरी माती गच्च भरलेली होती. दुसऱ्या दिवशी बायका पुन्हा तिथंच खणत होत्या. दिवाळी तोंडावर आली होती, काय करतील?

ही माती रात्रभर भिजत घालायची. सकाळी जुन्या लुगड्यातून गाळायची, तिच्यात थोडी पिवळी माती आणि बाभळीचा भिजवलेला डिंक. मग चिंधीचा बोळा बुडवून हात भिंतीवर फिरवायचा, खांद्यापासून. ओली असताना भिंत चिखलासारखी मळकट दिसते. मग ऊन वर येतं आणि ती सुकत सुकत उजळायला लागते, आणि दुपारी पाहावं तर परातीत मळलेल्या कणकेचा रंग. तोच हा बदामी. त्या रंगाच्या भिंतीला पाठ लावून बसलं की उबदार वाटतं, हे मी नाकारत नाही. पण त्या रंगावर सगळं दिसतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

माझ्या बापाला आम्ही बा म्हणायचो. बाचा जीव एका बाभळीपायी गेला. ती आमच्या आणि नथूच्या शेताच्या बांधावर होती. नथू खालच्या गल्लीतला, बाच्याबरोबर लहानपणी गुरं राखलेला. दोघांचं म्हणणं एकच, बाभूळ माझी. नथू ती तोडायला लागला, बा त्याच्या अंगावर धावून गेला आणि नथूनं ज्या कुऱ्हाडीनं झाड तोडायला घेतलं होतं तीच फिरवली. बाला घरी आणलं तेव्हा मान एका बाजूला झुकली होती आणि माझा भाऊ दगा ती सारखी नीट करून ठेवत होता. खटला चालला. साक्षीदार उलटले. नथू सुटून घरी आला.

आमच्याकडची रीत अशी की ज्या घरातल्या माणसाचा खून झाला त्या घराची भिंत भुंडी ठेवायची. पोतेरा नाही, रंग नाही. गावातून येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहावं की ह्या घराचं वैर बाकी आहे. रक्ताला रक्त मिळालं की मग भिंत रंगवायची. दुसराही एक मार्ग होता म्हणे. मेलेल्याच्या बायकोनं आपणहून भिंतीला पोतेरा दिला तर वैर संपलं, मग त्या घरच्या पुरुषानं हत्यार उचलायचं नाही, उचललं तर गाव त्याला वाळीत टाकेल. पण हे नुसतं बोलण्यातलं. तसं करणारी बाई कुणी पाहिली नव्हती. गावाला भुंड्या भिंती ठाऊक होत्या आणि रक्त घेऊन रंगवलेल्या भिंती ठाऊक होत्या.

आमची भिंत दोन पावसाळे भुंडी राहिली. तिचे लपके पडत. रात्री उंदरांनी पोखरलेल्या मातीची भुगटी अंथरुणात पडे. माय भाकरी थापायची, आमच्यापुढे ठेवायची, आणि आपण परातीला चिकटलेलं पीठ खरवडून तोंडात टाकायची. बोलणं तर तिनं सोडलंच होतं. आणि बाचे थोरले भाऊ, आमचे मोठाबा, रोज संध्याकाळी येऊन त्या भिंतीकडे बघत ओट्यावर बसायचे आणि दगाला ऐकू जाईल असं खाकरायचे.

दगाला मिसरूड नुकतं फुटलं होतं. मोटेवर गाणं म्हणायचा. बोकड कापायची वेळ आली की गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेवर तोंड ठेवून उभा राहायचा. त्या दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली आणि सगळ्या भावकीसमोर मोठाबा म्हणाले, "दगा, उजवा हात पुढे कर." दगानं केला. त्यावर त्यांनी बाची कुऱ्हाड ठेवली. "हाई तुन्हा बापनी शे. दिवाळीना पहिले भिंतले रंग लागाले पाहिजे. समजनं का?"

"समजनं, मोठाबा," दगा म्हणाला. त्यानं ती कुऱ्हाड अंगापासून लांब धरली होती ते मी पाहिलं. मायनंही पाहिलं.

मोठाबांना स्वतःला का नाही जावंसं वाटलं, हे मला अजून कुणी सांगावं! धट्टेकट्टे होते, मिशीला तूप लावायचे. पण रीत म्हणे अशी की पोरानंच घ्यायचा सूड. रीतीचं हे बरं असतं. ती सांगणाऱ्याचं काही जात नाही.

नथू बैल घ्यायला तापीपलीकडे खापर गावच्या बाजाराला गेला होता. ही बातमी मोठाबांनी आणली. म्हणाले, उद्या दुपारी तो नावेतून अलीकडे उतरेल, उताराच्या वाटेवर बोरीच्या झुडपात बसायचं, मागून घालायची. दगा मान खाली घालून ऐकत होता. माय जात्यावर होती. जातं थांबलं. मग ती उठली आणि मला म्हणाली, "ऊठ वं पोरी. टोपलं ले."

आम्ही दरडीवर गेलो. तिथं दोघीतिघींची जुंपली होती. मायला पाहिल्यावर त्या सगळ्या मारामारी सोडून बाजूला सरल्या. दोन वर्षांत ती तिथं आली नव्हती. एका म्हातारीनं तिच्या जवळ येऊन हळूच विचारलं, "काय वं, झायं का काम?" माय काही बोलली नाही. टोपलं भरलं, डोक्यावर घेतलं, निघाली. एक शब्द बोलली असती तर! एक "नाही" म्हणाली असती तर! पण तिची बोलायची सवयच गेली होती. त्या बायका माती तशीच टाकून गावाकडे पळाल्या.

ह्या कागदावर इथवर आले आणि थांबले. बाहेर अंगणात रंगारी बसून विडी ओढतो आहे. हे गुडघ्यावर बसून उंबऱ्यावरचा चुना खरवडताहेत. माझ्यावर कुणी ओरडलं तर मला बरं वाटतं. न ओरडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी माय कामाला लागली. दगा ओट्यावर बसला होता, मांडीवर कुऱ्हाड. मोठाबा आले आणि दारातच थांबले.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"पोतेरा दी ऱ्हायनू."

"कोन मरनं म्हनीसन?"

"कोन्ही मरनं नही," माय म्हणाली. "आनि कोन्ही मराले बी नको."

दोन वर्षांत मी तिचं एवढं लांब बोलणं ऐकलं नव्हतं. मोठाबांनी मातीचं मडकं लाथेनं उलथवलं. ती ओंजळीनं जमिनीवरची माती गोळा करायला लागली. त्यांनी तिचे केस धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, आणि पुन्हा. कपाळ फुटलं. ओल्या मातीवर लाल ओघळ उतरला. मायनं काय करावं? तिनं बोळ्यानं तो ओघळ पुसला आणि तोच बोळा तसाच पुढे भिंतीवर फिरवला. मग मागे वळून म्हणाली, "मन्हा आंडोर शे तो. तुम्हनी कुऱ्हाड नही."

आमच्याकडे आंडोर म्हणजे मुलगा. हा शब्द मी त्याआधी हजारदा ऐकला असेल, पण तो असा दातओठ खाऊन म्हणता येतो हे मला तेव्हा कळलं.

दगा उठला. मला वाटलं आता हा कुणाच्या तरी डोक्यात घालतो. त्यानं कुऱ्हाड धान्याच्या कणगीमागे ढकलली, मायजवळ गेला आणि बोळ्यासाठी हात पुढे केला. "माय, वर तुन्हा हात पुरत नही. दे आठे." मोठाबा त्याच्या पायाशी थुंकले आणि शेताकडे निघून गेले. आम्ही तिघांनी भिंत पुरी केली. मायच्या कपाळाला मी फडकं बांधलं. दगा वरचा पट्टा मारताना मोटेवरचं गाणं गुणगुणत होता. लाज वाटते सांगायला, पण दुपार होईपर्यंत मी इतकी खुशीत होते की उंबऱ्यावर बसून नुसती भिंत सुकताना बघत होते. खालून वर उजळत चालली होती.

आणि नथूची नाव काही आली नव्हती. आमच्याकडे लख्ख ऊन, पण सातपुड्यात पाऊस झाला होता, तापीला उशिराचा पूर आला होता आणि नथू आपल्या बैलांसकट पाणी उतरायची वाट बघत पलीकडच्या काठावर अडकून पडला होता. हे कुणाला ठाऊक? खालच्या गल्लीत एवढंच पोहोचलं की नथू आला नाही आणि दगाच्या घरची भिंत रंगली.

आधी आवाज आला. मग धूळ दिसली. पुढे नथूची आई, छाती बडवत, पदर रस्त्यावर लोळतो आहे. मागे नथूचा धाकटा भाऊ रावजी, हातात कुऱ्हाड, आणि त्याच्यामागे लाठ्या घेतलेली माणसं. "मन्हा नथू कोठे शे?" म्हातारी किंचाळत होती. "कोठे गाडं वं त्याले? सांग!"

"तुन्हा नथूले कोन्ही हात लावा नही!" माय ओरडली. "मी रंगाडी भिंत! मी मिटाडं वैर!" कोण ऐकतं? लाठी माझ्या खांद्यावर बसली आणि मी ओट्यावरून खाली पडले. रांजण फुटला. कुणीतरी मायला पोटात लाथ मारून लोळवलं आणि दोघं तिच्यावर लाठ्या उगारून धावले. दगा त्यांच्या आणि तिच्यामध्ये जाऊन उभा राहिला. त्यानं उजवा हात उंच केला, पंजा उघडा, बोटं फाकवलेली. "देखा! देखा! हात रिकामा शे मन्हा! माती शे, माती!"

ती माती होती खरीच. पण तिच्यात मायच्या कपाळाचं रक्त कालवलेलं होतं, आणि ते बोटांच्या चिरांत लाल होऊन सुकलं होतं. रावजीनं ते लाल तेवढं पाहिलं. "देखा, नथूनं रगत!" म्हणून तो ओरडला आणि कुऱ्हाड खाली आली.

आवाज अगदी सरपण फोडल्यासारखा होता. दुसरी कुठलीच उपमा मला आजवर सुचलेली नाही. पंजा मनगटाशी लोंबायला लागला. दगा त्याच्याकडे बघत राहिला, ओरडलासुद्धा नाही, आणि त्याचं रक्त नव्या भिंतीवर पार चौकटीच्या वरपर्यंत उडालं. शांत रंग म्हणतात हे. एक एक थेंब मोजून घ्यावा असा दिसत होता.

रावजीनं कुऱ्हाड दुसऱ्यांदा उचलली होती, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी म्हणालं, "नथू ऊना! नथू ऊना रे!" आणि नथू खरंच येत होता. मांड्यांपर्यंत चिखल, खांद्यावर आसूड, मागे दोन नवे पांढरे बैल. त्याला पाहून त्याची आई जागच्या जागी खाली बसली. रावजीच्या हातातून कुऱ्हाड गळाली. "काय झायं?" नथू विचारत होता. "काय झायं रे?" मग त्याला भिंत दिसली.

त्यानं डोक्याचं पागोटं सोडून दगाचा दंड आवळला. आमच्याच गोठ्यातली गाडी बाहेर ओढली, आपले नवे बैल तिला जुंपले. आमची भावकी शेतांत पांगलेली, दुसरं होतं कोण? मायनं दगाचं डोकं मांडीवर घेतलं. मी गाडीत चढले ती विळा घेऊनच. तो मी दाराआडून कधी उचलला ते मला आठवत नाही. नथू धुरेवर बसला, त्याची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर. घामानं बंडी चिकटली होती, मणका न् मणका दिसत होता. माझ्या बाला मारणारा माणूस, आणि माझ्या हातात धारेचा विळा. मानेच्या खाली, डाव्या बाजूला, मी जागासुद्धा ठरवली होती. नंदुरबारच्या दवाखान्याची वाट तशी दूर नाही, पण मला घाई होती. मी हात उचलला. मायनं माझं मनगट धरलं आणि हाडं कडकडतील इतकं आवळलं.

"टाक तो इळा," ती म्हणाली. "त्याले मारं ते गाडी कोन हाकी?"

नथूनं हे ऐकलं. त्यानं मान वळवली नाही, नुसता बैलांना आसूड ओढला. मी विळा बाहेर टाकला. आणि मग रडले. दगासाठी नाही, रागानं रडले.

दिवेलागणीला आम्ही दवाखान्यात पोहोचलो. दगाला आत नेलं. नथू बाहेर बैलांजवळ उभा राहिला, त्याला कुणी आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थोड्या वेळानं मोठाबा घोड्यावरून आले, पागोटं वाकडं, ओरडत, "कोठे शे मन्हा वाघ?" तेवढ्यात आतून डॉक्टरसाहेब हात पुसत बाहेर आले. त्यांनी मायकडे पाहिलं, तिच्या कपाळाचं फडकं पाहिलं, आणि जरा आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, जीव वाचेल. पण हात राहणार नाही. काढावा लागेल."

मोठाबांनी भिंतीला धरलं आणि लहान पोरासारखा गळा काढला. मी किंचाळले. माय तेवढी उभी होती.

"उजवा ना, साहेब?" तिनं विचारलं.

"हो बाई. उजवा."

"पुरा?"

"पुरा."

मायनं मोठा श्वास सोडला. मोठाबांकडे वळून, अगदी सावकाश, ती म्हणाली, "आते कोनले धाडशात?" मग ती दवाखान्याच्या फरशीवर पाय पसरून बसली, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "पोरी, कोठे भाकर भेटस का देख वं. भूक लागनी माले."